ठकूबायचं मत

ठकूबाय कुणाच्याही दारी आली की तीनदा हाक मारायची. एकदा कुंपणाच्या गडग्यापाशी, एकदा अंगणाच्या मधोमध आणि एकदा ओटीच्या कडेला हात टेकून. "मास्तरीणबाय गो." तिन्ही हाका एकाच सुरात. मी पहिल्याच हाकेला ओ दिली तरी ती थांबत नसे. उरलेल्या हाका पुऱ्या करायची आणि मगच डोक्यावरचा ताकाचा गडवा खाली उतरवायची.

मी गावात नवी होते. मला वाटलं, बाईला ऐकायला कमी येत असेल. शेजारणीने सांगितलं तेव्हा कळलं. भुताची हाक एकदाच येते, म्हणून पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. ठकूबाय भर उन्हात आली तरी स्वतःहून तीन हाका पुऱ्या करून देत होती.

तशीच तिची मिठाची सवय. बसली की आधी म्हणायची, "चिमूटभर मीठ दे गो." मीठ जिभेवर ठेवायची, आपल्याला दिसेल असं तोंड हलवायची आणि मग पाणी मागायची. भुतं मीठ खात नाहीत. जायला निघाली की अंगण ओलांडून दहा-वीस पावलं गेल्यावर मागे वळायची. आमच्याकडे नव्हे, जमिनीकडे बघायची. पावसाळ्यात चिखलात तिची पावलं उमटलेली असायची. पंजे पुढे आहेत ना, टाचा मागे आहेत ना, एवढं बघून ती वाटेला लागायची. बरेच दिवस मी समजत होते की हे सगळं ती लोकांची खात्री पटावी म्हणून करते. पुढे एकदा पाठीमागच्या परसातून मी तिला ओढ्याकाठी एकटी चालताना पाहिलं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. तरी ती थांबली, मागे वळली आणि ओल्या वाळूतली आपली पावलं वाकून बघत राहिली.

ही गोष्ट मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं त्याच्या आगेमागची. माझं माहेर महाडचं. यांची शाळामास्तर म्हणून आंबेशेतला नेमणूक झाली आणि लग्नानंतर मी तिथे गेले. पोलादपूरला एस.टी.तून उतरून सावित्रीच्या कडेकडेने चालत जायचं. गावाच्या दोन आळ्या, एक देऊळआळी आणि एक नदीआळी. मधे शाळा आणि शाळेला लागून आमची दोन खोल्यांची जागा. गावावर डोंगराची एक सपाट पायरी आहे, तिला माची म्हणत. तिथे पाच-सात घरांची वाडी, गुरं राखणारी आणि नाचणी-वरी पिकवणारी माणसं. ठकूबाय तिथली. पन्नाशीची असेल. उंच, काटक, डोळे घारे. नवरा कधीच गेला होता. एकुलता एक मुलगा गणपत मुंबईला गिरणीत होता. दोन म्हशी आणि ती, एवढाच तिचा संसार.

आम्ही गावात गेलो त्याच्या आदल्या पावसाळ्यात ठकूबाय मेली होती. मी हे असंच लिहिते, कारण गावात सगळे असंच सांगत. तापाने फणफणली, दोन दिवस शुद्ध नव्हती, तिसऱ्या दिवशी सकाळी अंग गार पडलं. वाडीतल्या बायांनी नाकाशी सूत धरलं, ते हललं नाही. तिरडी बांधली, माचीवरून निसरड्या वाटेने खाली आणली, नदीकाठच्या मसणवटीत सरणावर ठेवली. पोलीस पाटलांनी मयताची नोंदही करून टाकली. पाऊस होता, लाकडं पेटत नव्हती. खांदेकरी रॉकेलची वाट बघत उभे होते. तेवढ्यात सरणावरून आवाज आला, "पानी."

खांदेकरी पळाले. काही नदीत शिरले, काही थेट गावात. एकटा सखारामदादा पळाला नाही. सखारामदादा म्हणजे नदीआळीचा कर्ता माणूस, पोलीस पाटलांचा धाकटा भाऊ. रुंद छातीचा, कमी बोलणारा. त्याने नदीतून ओंजळ भरून आणली आणि ती तिच्या तोंडात सोडली. मग तिला पाठीवर घेतलं आणि त्या पावसात एकट्याने माचीवर नेऊन सोडलं. वाडीतल्यांनी दारं लावून घेतली होती. तिच्या घरात चूल पेटवून, म्हशीचं दूध तापवून त्यानेच तिला पाजलं आणि मग तो खाली आला. हे सखारामदादाने स्वतः कधी कुणाला सांगितलं नाही. ठकूबाय मात्र ज्याला त्याला सांगायची.

गणपतला मुंबईला तार गेली होती, ती आई वारल्याची. गावाकडच्या वाटा पुराने बंद होत्या, म्हणून त्याने तिथेच डोकं भादरलं, तिथेच दहावा केला. आई जिवंत असल्याचं कळवणारं पत्र त्यानंतर पोचलं. दिवाळीला तो आला. अंगणात उभा राहिला, ओटीवर चढला नाही. ठकूबायने हे मला ताक ओतता ओतता सांगितलं. तो म्हणाला, आये, कावळा लगेच शिवला गो, पिंड ठेवलं आणि लगेच शिवला, काय मागं ऱ्हायलं नव्हतं तुजं. ती त्याला म्हणाली, शिवनारच की, मला काय कमी केलंस तू. मग त्याने एक लुगडं पायरीवर ठेवलं आणि तो गेला. त्यानंतर आला नाही.

"राग आला का तुम्हाला त्याचा?" मी विचारलं.

"राग कशाचा? पोरानं सगलं रीतसर केलान. आता मी कोन म्हनून त्याच्या घरात जाऊ?"

इथपर्यंत गाव तिला घाबरायचं, पण चालवून घ्यायचं. तिचं ताक दोन्ही आळ्यांत खपत असे. बाया तिच्याकडून दोन हात लांब उभ्या राहून घेत, इतकंच. मग पंचायतीची निवडणूक आली.

देऊळआळीचे पुढारी विठोबाअण्णा, नदीआळीचा सखारामदादा. लहानपणी एकाच ताटात जेवलेले दोघे. पण सरपंच कोण होणार यावरून त्या वर्षी गाव उभं चिरलं. बाकीच्या जागा दोन्हीकडे सारख्या वाटल्या जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. सगळा खेळ एका वॉर्डावर आला होता. त्यात अर्धी देऊळआळी, अर्धी नदीआळी आणि वर माचीवरची वाडी. तिथे दोघे समोरासमोर उभे होते. ज्याची ती जागा, त्याची पंचायत.

मतदान आमच्या शाळेत झालं. महाडहून आलेले एक साहेब मुख्य होते, हे त्यांच्या हाताखाली. दुपारी विठोबाअण्णांच्या माणसांनी ठकूबायला डोलीत घालून माचीवरून आणलं. ती डोलीतून उतरून शाळेच्या दारात आली आणि नदीआळीचा माणूस उठून उभा राहिला. म्हणाला, साहेब, ही बाई मयत आहे. साहेबांना वाटलं थट्टा आहे. तो गंभीरच होता. पाटलांच्या दप्तरात नोंद आहे, मुलाने दिवस घातलेत, ही मत कशी देणार? साहेब हसले. म्हणाले, यादीत नाव आहे आणि बाई समोर उभी आहे, मला एवढं पुरे. ठकूबाय आत गेली आणि आपलं मत देऊन आली. हे सांगत होते, आत जाण्याआधी तिनेही साहेबांकडे बघून विचारलं, "देऊ ना मी?"

संध्याकाळी मोजणी झाली. विठोबाअण्णा एका मताने निवडून आले.

पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. देऊळआळीने गुलाल उधळला. नदीआळीची माणसं शाळेच्या अंगणात तशीच उभी राहिली. सखारामदादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मढ्याच्या मतावर निवडून आलेला सरपंच आमी मानीत नाय." तेवढंच बोलला आणि आपली माणसं घेऊन निघून गेला.

त्यांचा हिशेब सरळ होता. ठकूबायला देऊळआळीने डोलीतून आणलं, म्हणजे तिचं मत विठोबाअण्णांना. ती मेलेली, म्हणजे ते मत बाद. ते बाद झालं की दोघे सारखे, मग चिठ्ठी टाका. आता हे सिद्ध करायचं तर ठकूबाय मेलेली असायला हवी. म्हणून नदीआळीने तिला मेलेली धरायला सुरुवात केली.

हे कसं सुरू झालं ते मला नीट आठवतंय, कारण मी पाणवठ्यावर होते. ठकूबाय ओढ्यावर गडवा धुवायला आली. नदीआळीच्या चार बाया कपडे धूत होत्या, रोज तिच्याशी बोलणाऱ्या. ती म्हणाली, "काय गो, पानी गार हाय आज." कुणी वर बघितलं नाही. कुणी तोंडही फिरवलं नाही. तोंड फिरवलं तर तिथे कोणी आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं. त्या आपसांत बोलत राहिल्या. एक बाई पिळा घेऊन उठली आणि ठकूबाय उभी होती तिथूनच, जणू तिथे मोकळी जागा आहे अशी सरळ चालत आली. ठकूबायच बाजूला झाली. ती नसती झाली तर काय झालं असतं, हा विचार भर दुपारी माझ्या मनात आला.

महिन्याभरात अर्ध्या गावाला ती दिसेनाशी झाली. मोठ्यांना आधी प्रयत्न करावा लागत होता, पोरांना तोही लागेना. शाळेत यांनी एकदा नदीआळीच्या एका मुलाला विचारलं, बाहेर कोण आलंय बघ रे. अंगणात ठकूबाय उभी होती. मुलगा दारात जाऊन आला आणि म्हणाला, कोन नाय गुर्जी. हे सांगायचे, तो खोटं बोलतोय असं त्याच्या डोळ्यांत कुठेही दिसलं नाही.

देऊळआळीची तऱ्हा वेगळी. ती जिवंत आहे असं ते गावभर सांगत, पण तिला घरात कोणी घेत नसे. विठोबाअण्णांनी तिला एकदा आपल्या ओटीवर बसवून दहा माणसांदेखत चहा दिला. ती गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी ओटी सारवली आणि तो कप आंब्याच्या बुंध्याशी उपडा घातला. कित्येक दिवस तो तसाच होता.

दोन्ही बाजूंनी मिळून एकदा ग्रामदेवतेला कौलही लावला. गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देऊळआळीने विचारलं, बाई जिवंत हाय का? उजवी पडली. नदीआळीने विचारलं, बाई मेलेली हाय का? पुन्हा उजवीच पडली. म्हातारा गुरव हात जोडून म्हणाला, देवीला दोनी कबूल हायेत, तिला पुन्हा इचारू नका. त्या सगळ्या वेळात ठकूबाय देवळाच्या पायरीखाली बसून होती. निकाल ऐकून ती मान हलवत उठली, जणू तिला माहीत असलेलंच देवीने सांगितलं.

नदीआळीने महाडच्या कोर्टात अर्ज केला. यांना साक्षीचं समन्स आलं. ठकूबायबरोबर बाईमाणूस कोणी जायला तयार होईना, तेव्हा विठोबाअण्णा मला म्हणाले, मास्तरीणबाय, तुमचं माहेरच तिकडं हाय, तुमी जाल का. मी गेले. एस.टी. भरलेली होती, लोक उभे होते, तरी आमच्या बाकावरची तिसरी जागा महाडपर्यंत रिकामी राहिली. ठकूबाय खिडकीतून बघत होती. जन्मात ती पहिल्यांदाच पोलादपूरच्या पलीकडे आली होती. मला म्हणाली, "हितं मला कोन वलकत नाय ना गो? मंग हितं मी जित्ती." बाजारपेठेत तिने एका बांगडीवाल्याशी उगाच अर्धा तास घासाघीस केली. तो तिच्यावर वैतागला, ओरडला. ती इतकी खूश झालेली मी पुन्हा कधी पाहिली नाही.

कोर्टात आधी सखारामदादाची साक्ष झाली. मी मागच्या बाकावर होते. वकिलाने विचारलं, तुम्ही तिच्या तोंडात पाणी घातलंत ना? मग ती जिवंत होती हे तुम्हालाच ठाऊक. सखारामदादा खाली बघत होता. मग म्हणाला, "सरनावरच्या मढ्याच्या तोंडात आमी पानी घालतो, साहेब. ती रीत हाय. मी मढ्याच्या तोंडात पानी घातलं." त्याचा आवाज स्थिर होता. हात मात्र कठड्यावर घट्ट धरलेले होते.

मग ठकूबायला उभी केली. देऊळआळीच्या वकिलाने तिला आदल्या दिवशी पढवलं होतं. मी कधीच मेले नव्हते, तापात पडले होते, एवढंच म्हणायचं. तिने शपथ घेतली. नदीआळीच्या वकिलाने विचारलं, त्या दिवशी तुम्ही मेला होता की नाही?

"सखाराम काय म्हनला?" तिने विचारलं.

"ते म्हणतात मेला होता."

"मंग मेले असन," ठकूबाय म्हणाली. "त्याचं पानी मी पिलेय. तो माज्यासाठी खोटं का बोलंल?"

देऊळआळीच्या वकिलाने कपाळाला हात लावला. कोर्टात कुजबुज झाली. न्यायाधीश वयस्क, शांत गृहस्थ होते. ते पुढे वाकून म्हणाले, "बाई, तुम्ही मेला होता म्हणता. मग आत्ता इथे कोण बोलतंय?"

 ठकूबाय हळूच मागे वळली आणि उघड्या दाराकडे बघू लागली. कोर्टातले सगळे वळून बघू लागले, मीसुद्धा. दारात कोणी नव्हतं. बाहेर ऊन होतं.

"त्येच मी इचारतेय, सायेब," ती म्हणाली.

निकाल लागला तो विठोबाअण्णांच्या बाजूने. बाई समोर उभी राहून बोलते आहे तेव्हा ती जिवंत आहे, आणि ती जिवंत आहे तेव्हा तिचं मत कोणाला पडलं हे उघडून बघायची गरज नाही, असं त्यात होतं. निकाल ऐकून देऊळआळीने फटाके आणले.  कोर्टाला कुडी दिसली, आत काय हाय ते कोर्टाला कसं दिसंल, एवढंच नदीआळीची माणसं म्हणत. पंचायतीच्या एकाही सभेला ते गेले नाहीत. गावात दोन होळ्या पेटू लागल्या.

आणि पावसाळ्यात, तिथीला, नदीआळीने ठकूबायचं वर्षश्राद्ध घातलं.

मुलाने घातलं नाही, म्हणून गावाने घालायचं, असं त्यांनी जाहीर केलं. सखारामदादाच्या अंगणात मांडव पडला. आळी जेवायला बसली. यांनाही बोलावणं होतं, ते पोलादपूरला कामाचं निमित्त काढून गेले. आमच्या परसातून ते अंगण सरळ दिसायचं. ठकूबाय माचीवरून उतरून आली. नवीन लुगडं नेसली होती, मुलाने पायरीवर ठेवलेलं. ती मांडवाच्या कडेला उभी राहिली. पंगतीतल्या कुणी मान वर केली नाही. वाढणारे तिच्या दोन्ही बाजूंनी ये-जा करत होते. मग गेलेल्याचं पान वाढलं गेलं. भात, वरण, वडे, खीर, तिला आवडणारी अळूची भाजीसुद्धा. सखारामदादाने ते पान उचललं, परसाच्या गडग्यावर ठेवलं, हात जोडले आणि कावळ्याची वाट बघत मागे सरला.

कावळा आला नाही. सगळी पंगत थांबली होती.

ठकूबाय गडग्यापाशी गेली. तिने पान दोन्ही हातांनी उचललं, खाली जमिनीवर ठेवलं, मांडी घातली आणि जेवली. सावकाश, एकेक पदार्थ. ती जेवत होती तोवर त्या अंगणात आवाज नव्हता. पोरंसुद्धा गप्प होती. पान पुसून झालं तेव्हा पंगतीतला एक म्हातारा समाधानाने म्हणाला, "शिवला." आणि सगळे जेवू लागले.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. तीन हाका झाल्या, मीठ झालं. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "माजंच पान व्हतं ना गो? दुसऱ्याचं नाय खाल्लं मी." मग थोडं थांबून, "सखारामच्या घरचं अळू झ्याक असतंय."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ज्यांनी तुम्हाला मेलेली ठरवलं, त्यांच्याविषयी तुम्ही इतकं चांगलं कसं बोलता?"  तिने पदराने ओठ पुसले आणि म्हणाली, "मी मत कोनाला दिलं ते कोनी इचारलंच नाय मला."

मी मिठाचं भांडं खाली ठेवलं.

"डोलीत घालून आनली इठोबानं. म्हनला, दे मला. मी हो म्हनले. पर पानी कोनी पाजलं? आत गेले आनि सखारामला दिलं."

क्षणभर मला समजेना. मग समजलं. सखारामदादा एक मत बाद व्हावं म्हणून कोर्टात गेला होता, रीत मोडून श्राद्ध घातलं होतं, आणि ते मत त्याचंच होतं. ते बाद झालं असतं तर तो एकाऐवजी दोन मतांनी पडला असता.

"त्यांना सांगा हे," मी म्हटलं.

"नको गो. मी सांगितलं तर त्याला ऐकू जायाला नको का? आनि तू पन सांगू नको. त्याच्या जिवाला लागंल." ती उठली. दारात थांबून म्हणाली, "मी तिकडं गेले व्हते तवाची गोष्ट सांगू? तिकडं काय नाय. आपल्यासारखंच गाव, आपलीच मानसं. माजा घरवाला व्हता, माजी आय व्हती. मी हाका मारल्या. पर कोन वलून बघत नव्हतं. म्हनून परत आले." बाहेर अजून उजेड होता. तिने नदीआळीकडे बघितलं. "आनि आले तं हितं पन तसंच."

त्या संध्याकाळनंतर मला तिची भीती वाटेनाशी झाली. गावाचीच वाटू लागली.

पुढे सगळं आपोआप मिटलं. विठोबाअण्णांच्या मुलीचं आणि सखारामदादाच्या मुलाचं जमलं. आधी त्या दोघांचं जमलं आणि मग मोठ्यांना जमवावं लागलं, असं बाया म्हणत. लग्नाच्या बैठकीत जुनं उकरायचं नाही असं ठरलं. दोघे व्याही झाले, होळी पुन्हा एक झाली. पुढची निवडणूक दोन्ही आळ्यांनी मिळून माचीवाल्या एका तरण्या उमेदवाराविरुद्ध लढवायची, असंही ठरलं. याद्या नव्याने तयार झाल्या तेव्हा पाटलांनी आपली जुनी नोंद दाखवली आणि ठकूबायचं नाव गळलं. यावेळी विठोबाअण्णांनी हरकत घेतली नाही. एकाला ती मेलेली हवी होती, एकाला जिवंत. आता दोघांनाही ती कशीच नको होती.

त्या मतदानाला यांची नेमणूक वरंधला होती. आंबेशेतला तुडीलकडचे एक मास्तर आले होते, तरुण आणि भिडस्त. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी चहाची किटली घेऊन शाळेत गेले. जांभळाच्या सावलीत एकाच बाकावर विठोबाअण्णा आणि सखारामदादा बसले होते, एकाच चंचीतला तंबाखू मळत. माझ्यामागून ठकूबाय आली. डोली नव्हती, माचीवरून ती चालत आली होती. खूप थकलेली दिसत होती. दाराशी उभी राहून तिने डाव्या हाताचं बोट पुढे केलं. शाई लावणारा शिपाई पेंगत होता. त्याने मान वर न करता सवयीने बोटावर शाईचा ठिपका दिला. मग मास्तरांनी नाव विचारलं, यादी खालीवर बघितली आणि म्हणाले, "आजी, तुमचं नाव यात दिसत नाही." ते गोंधळले. त्यांनी बाहेर बाकाकडे बघून विचारलं, "या बाईंना ओळखता का हो तुम्ही कोणी?"

विठोबाअण्णांनी सखारामदादाकडे बघितलं.

सखारामदादाने दाराकडे बघितलं. ती आणि तो, मधे चार पावलांचं अंतर होतं. त्याने तंबाखूची चिमूट ओठात ठेवली, हात झटकले.

"कंची बाई?" तो म्हणाला.

मास्तर माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "ठकूबाय आहेत त्या. माचीवर राहतात." माझा आवाज मलाच मोठा वाटला. बाकावरच्या दोघांनी, मी भिंतीशी बोलत असावे तसं, सौजन्याने दुसरीकडे बघितलं. मास्तर यादीची पानं चाळत राहिले.

ठकूबाय थोडा वेळ तिथेच उभी होती. मग पायऱ्या उतरली. दोघांच्या बाकापुढून गेली, शाळेचं अंगण ओलांडलं आणि माचीच्या वाटेला लागली. मी किटली हातात घेऊन ओसरीवरून बघत राहिले. वाट तिथे उघड्या कातळावरून चढते, त्यामुळे माणूस बराच वेळ दिसतो. उन्हात ती एकटीच चढत होती. डावा हात अंगापासून लांब धरलेला होता. मधे मधे थांबून ती बोटावर फुंकर घालत होती. शाई ओली होती आणि ती तिला लुगड्याला लागू द्यायची नव्हती.